ऐकणाऱ्याच्या बाजूने : सादरीकरणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

सतराव्या शतकाच्या मध्यास जयराम पिंड्ये हा कवी शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या दरबारात आला, तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बाराच का, अशी विचारणा झाली. मला बारा भाषांत कविता करता येते, असे त्याने उत्तर दिले. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात या दरबाराचे वर्णन आहे आणि तिथे घातल्या गेलेल्या अनेक भाषांतल्या समस्यांची, म्हणजे अपुऱ्या काव्यपंक्तींची, पूर्तीही आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शहाजीराजांच्या काळाची माहिती मिळावी म्हणून इतिहासाचे अभ्यासक तो वाचतात. सादरीकरणाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने तो आणखी एका कारणासाठी वाचावा. जयरामाने आपली थोरवी आधी सांगितली नाही. दरबाराला प्रश्न पडेल अशी एक गोष्ट त्याने समोर ठेवली आणि प्रश्न आल्यावर उत्तर दिले. ते उत्तरही असे होते की त्याची परीक्षा तिथल्या तिथे घेता यावी. ऐकण्याची इच्छा आणि तपासण्याची सोय या दोन्ही गोष्टी त्याने पहिल्या भेटीतच दरबाराच्या हाती दिल्या.

आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला पटेल अशा रीतीने मांडणे हा या अभ्यासाचा विषय. हे काम आपण रोज करतो. बेंगळुरूत तर शहराचा अर्धा दिवस त्यात जातो म्हटले तरी चालेल. इलेक्ट्रॉनिक्स सिटीतला अभियंता ग्राहकापुढे पीपीटी दाखवतो, भारतीय विज्ञान संस्थेतली विद्यार्थिनी परीक्षकांपुढे प्रबंध मांडते, नवा उद्योजक गुंतवणूकदारांना भेटतो, एखाद्या सोसायटीचा सचिव सभासदांना पावसाचे पाणी साठवण्याची योजना समजावतो. या सगळ्यांना आपल्या विषयाची माहिती असते. तरीही कित्येकदा सभा संपते, टाळ्या वाजतात आणि निर्णय काही होत नाही. कारण बहुधा आखणीत सापडते. बोलणाऱ्याने आपल्याजवळची माहिती रचलेली असते. ऐकणाऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार केलेला नसतो. सादरीकरणाची आखणी ऐकणाऱ्यापासून सुरू करावी, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. पुढे जे सांगायचे आहे ते त्याचाच विस्तार आहे.

या म्हणण्याला आपल्याकडे फार जुना आधार आहे. न्यायशास्त्राने अनुमानाचे दोन प्रकार मानले: स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. डोंगरावर धूर पाहून तिथे आग असावी असे मी मनाशी ओळखतो, ते स्वतःपुरते अनुमान. त्याला शब्दांची गरज नसते. पण तेच दुसऱ्याला पटवायचे तर पाच अवयवांचे वाक्य लागते. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराने युक्त आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’सारख्या प्रवेशग्रंथातही हा भेद स्पष्ट मांडलेला आहे. स्वतःला कळणे आणि दुसऱ्याला पटवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि दुसऱ्या कामाचे स्वतंत्र शास्त्र आहे, हे आपल्या तर्कपंडितांनी मान्य केले होते.

या पाच अवयवांपैकी दोन विशेष लक्ष देण्यासारखे आहेत. पहिला अवयव उदाहरण. दृष्टांत कशाला म्हणावे हे सांगताना गौतमाची न्यायसूत्रे म्हणतात की ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांचे एकमत असते, तो दृष्टांत. म्हणूनच तिथे स्वयंपाकघर आले. धूर आणि आग एकत्र असल्याचा अनुभव पंडितालाही आहे आणि त्याच्या घरच्यांनाही. आज आपण सादरीकरणात जी उदाहरणे देतो, ती पुष्कळदा फक्त आपल्याला पटलेली असतात. ऐकणाऱ्याने जे आधीच मान्य केले आहे त्यावरच पुढची पायरी उभी राहते. दुसरा अवयव उपनय. सर्वसामान्य नियम समोरच्या प्रकरणाला लागू करून दाखवणे हे त्याचे काम. सादरीकरणात सर्वाधिक गाळली जाणारी पायरी हीच. जगभरात एखादे तंत्र यशस्वी झाले असे सांगितले जाते आणि लगेच खर्चाचा आकडा येतो. आमच्या कारखान्यात, आमच्या पाण्यात, आमच्या माणसांकडून ते कसे चालेल, हा ऐकणाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो.

न्यायशास्त्राने चर्चेचेही तीन प्रकार सांगितले. सत्य ठरवण्यासाठी होते ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे खोडत राहणे म्हणजे वितंडा. मन वळवण्याच्या कलेविषयी अनेक सज्जनांच्या मनात अढी असते. ती जल्पाला पाहून आलेली असते. आपण वादाच्या बाजूने उभे राहावे. ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक ठेवून, तपासण्याची साधने त्याच्या हाती देऊन जे पटवले जाते, तेच टिकते. ग्रीकांकडे अॅरिस्टॉटलने बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि मांडणीतला युक्तिवाद असे पटवण्याचे तीन आधार सांगितले. आपल्या परंपरेशी ते जुळवून वाचले तर दोन्हींवर प्रकाश पडतो.

मराठी माणसाला या विद्येचे प्रत्यक्ष शिक्षण ग्रंथांपेक्षा कीर्तनातून अधिक मिळाले. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण होते, उत्तररंगात त्याच तत्त्वावर आख्यान लागते आणि शेवटी कीर्तनकार मूळ अभंगावर परत येतो. एका बैठकीत एकच तत्त्व, आधी विचाराने आणि मग कथेने, ही शिस्त शतकानुशतके अशिक्षित-सुशिक्षित अशा मिश्र श्रोत्यांपुढे पारखली गेली आहे. गाडगे महाराज समोरच्या लोकांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने नागरी श्रोता घडवला. हा वारसा घेऊन बेंगळुरूत आलेल्या मराठी माणसाला सादरीकरणाची विद्या अगदीच परकी नाही.

आता याच शहरातले एक व्याख्यान पाहू. १६ मार्च १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बेंगळुरूत साउथ इंडियन सायन्स असोसिएशनपुढे भाषण केले. आज जो रामन परिणाम म्हणून ओळखला जातो, त्याची ही सविस्तर मांडणी होती. शोध २८ फेब्रुवारीचा, म्हणजे जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वीचा. रामन तेव्हा कोलकात्यात काम करत होते. भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून ते बेंगळुरूला आले ते १९३३ साली. मार्च १९२८ च्या अखेरीस भाषणाचा पाठ ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापला गेला. तो आज वाचताना त्याची आखणी स्पष्ट दिसते, आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने ती बारकाईने पाहावी असे मला मनापासून वाटते.

रामन पहिल्याच वाक्यात सांगतात की आज मी एका नव्या प्रकारच्या प्रारणाविषयी बोलणार आहे. ही प्रतिज्ञा. पुढे लगेच ते वाट दाखवतात: शोधाचे महत्त्व कळावे म्हणून त्याकडे नेणाऱ्या कामाचा इतिहास सांगेन, आणि त्याआधी अणू-रेणूंपासून प्रकाश कसा निघतो याविषयी थोडे प्रास्ताविक. म्हणजे श्रोत्यांना काय मिळणार आहे आणि कोणत्या क्रमाने मिळणार आहे, हे सुरुवातीलाच कळते. मग येते ते श्रोत्यांना आधीच मान्य असलेले ज्ञान. नवे काही सांगण्याआधी सगळ्यांना एकाच पातळीवर आणण्याचे काम ते थोडक्यात उरकतात.

त्यानंतर इतिहास. इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. आपण जे ज्या क्रमाने शोधले त्याच क्रमाने सांगण्याचा मोह प्रत्येक संशोधकाला होतो, आणि पुष्कळदा तो श्रोत्यांना थकवतो. रामन यांच्या भाषणात मात्र तो क्रम योग्य ठरतो. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात रंग बदललेला एक अतिशय मंद अंश त्यांच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपूर्वीच दिसला होता. तेव्हा तो अशुद्धीमुळे येणारा क्षीण प्रतिदीप्तीचा परिणाम असावा असे वाटले. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले तरी तो गेला नाही. सभागृहातल्या जाणकाराच्या मनात पहिली शंका हीच येणार होती. प्रयोगशाळेचा प्रवास आणि श्रोत्याच्या शंकांचा प्रवास एकच होता, म्हणून तो इतिहास सांगणे योग्य होते. हा निकष आपल्यालाही वापरता येतो. माझ्या कामाची हकिगत ऐकणाऱ्याच्या शंकांना उत्तर देत असेल तर ती सांगावी. नाहीतर ती माझ्या वहीत राहिलेली बरी.

आणि मग पुरावा. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी एकमेकांना पूरक अशा दोन रंगीत काचा घेतल्या. सूर्यप्रकाशाच्या वाटेत दोन्ही एकत्र ठेवल्या की द्रवातली प्रकाशरेषा पूर्ण नाहीशी होते. त्यातली दुसरी काच तिथून काढून द्रव आणि डोळा यांच्यामध्ये धरली की रेषा पुन्हा दिसू लागते. याचा अर्थ, द्रवातून बाहेर पडताना प्रकाशाच्या काही भागाचा रंग बदलला. एक काच इकडची तिकडे केली की निष्कर्ष समोर उभा राहतो. सुमारे साठ द्रव तपासले आणि कमीअधिक प्रमाणात सर्वांत हे दिसले, असे रामन आणि कृष्णन यांनी ‘नेचर’ला पाठवलेल्या टिपणात नोंदवले. हा प्रतिदीप्तीचाच प्रकार नव्हे कशावरून, या आक्षेपाला त्यांनी प्रकाशाच्या मंदपणाचा आणि त्याच्या ध्रुवीकरणाचा आधार दिला. भाषणाच्या शेवटी रामन म्हणतात की आपण एका नव्या प्रदेशाच्या काठावरच आहोत आणि सगळे काम अजून व्हायचे आहे. कृष्णन आणि अन्य सहकाऱ्यांचे ऋण ते नावानिशी मान्य करतात. श्रोत्यांना पुढच्या कामात ओढून घेणारा आणि विश्वासार्हता वाढवणारा असा तो शेवट आहे. दोन वर्षांनी, १९३० साली, या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले.

रामन यांनी शंका स्वतःच मांडून तिचे निरसन केले, ही आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धत. आधुनिक संशोधनानेही ती तपासून पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर प्रयोग केले; ते १९४९ साली ग्रंथरूपाने आले. जे आधीपासून विरुद्ध मताचे होते त्यांच्यावर दोन्ही बाजू सांगणाऱ्या मांडणीचा अधिक परिणाम झाला. जे आधीच अनुकूल होते त्यांना एकच बाजू पुरेशी ठरली. अधिक शिकलेल्या श्रोत्यांवरही दोन्ही बाजूंची मांडणी अधिक परिणामकारक ठरली. म्हणजे मांडणी कशी असावी याचे उत्तर श्रोता कोण आहे हे पाहिल्याशिवाय देताच येत नाही.

मांडणी चुकली तर काय होऊ शकते, याचे एक दुःखद उदाहरण या क्षेत्राने कायमचे लक्षात ठेवले आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणावेळी फेसाचा एक तुकडा पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून वरिष्ठांपुढे स्लाइड मांडल्या. एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा आणि प्रत्यक्ष आदळलेला सुमारे १,९२० घन इंचांचा, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट तळाशी, उपमुद्द्यांच्याही खाली होती. १ फेब्रुवारीला परतताना यान कोसळले आणि सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. चौकशी मंडळाच्या अहवालात माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेले या स्लाइडचे विश्लेषण समाविष्ट झाले. माहिती खोलीत हजर होती. ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्यापर्यंत ती योग्य वजनाने पोहोचली नाही. प्रत्येक स्लाइडचे शीर्षक हे त्या स्लाइडचा निष्कर्ष असावे आणि सर्वांत जड गोष्ट सर्वांत वर असावी, हा नियम इथून शिकावा.

पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले आणि स्लाइड करणे सोपे झाले. आखणी मात्र तितकीच कठीण राहिली. शिक्षणमानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी दाखवले की चित्र समजावताना तेच शब्द पडद्यावर लिहूनही दाखवले आणि वाचूनही दाखवले, तर समजणे वाढण्याऐवजी घटते. डोळे आणि कान एकाच मजकुरामागे धावतात आणि विचाराला उसंत मिळत नाही. पडद्यावर चित्र, आलेख किंवा एखादा आकडा असावा आणि शब्द तोंडून यावेत, ही सूचना त्यातून निघते.

बेंगळुरूच्या श्रोत्यांचा आणखी एक विशेष आहे. एकाच खोलीत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी, मल्याळम बोलणारी माणसे बसतात आणि व्यवहार इंग्रजीत होतो. जयरामाला बारा भाषांची गरज जिथे वाटली त्या गावाचे हे रूप आजही टिकून आहे. भाषेचे भान किती मोलाचे आहे ते माधव गाडगीळ यांच्या कामात दिसते. पुण्यात जन्मलेल्या या परिसरशास्त्रज्ञाने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पारिस्थितिकी शास्त्राचे केंद्र उभारले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला अहवाल दिला. तो सर्वांसाठी खुला झाला २०१२ च्या मे महिन्यात. अहवाल इंग्रजीत होता. घाटातल्या ग्रामसभांपर्यंत तो त्यांच्या भाषेत जावा, त्यांनी तो वाचून मत द्यावे आणि मग निर्णय व्हावा, असा गाडगीळ यांचा आग्रह होता. ज्यांच्या शेतांविषयी आणि जंगलांविषयी तो होता त्यांच्यापर्यंत त्याच्याआधी भीती पोहोचली आणि विरोध उभा राहिला. श्रोता कोण हे ठरवताना सभागृहातल्या माणसांइतकाच सभागृहाबाहेरचा, निर्णयाचा परिणाम भोगणारा माणूसही मोजावा लागतो, हे या प्रकरणातून शिकायचे.

मग प्रत्यक्ष आखणी कशी करावी? कागद घेऊन पहिले वाक्य असे लिहावे: माझे बोलणे संपल्यावर समोरच्याने अमुक मान्य करावे किंवा अमुक करावे. हे एका वाक्यात बसत नसेल तर आपल्यालाच अजून ते कळलेले नाही असे समजावे. दुसऱ्या ओळीत समोरच्याला आज काय मान्य आहे ते लिहावे, तिसरीत त्याची सर्वांत मोठी शंका. त्यासाठी बसून कल्पना करण्यापेक्षा श्रोत्यांपैकी एकदोघांना आधी भेटावे, त्यांना प्रश्न विचारावेत. निर्णय कोणाच्या हाती आहे आणि त्याच्यावर कोणाचा प्रभाव आहे हेही विचारून घ्यावे. मान्य गोष्टीपासून इच्छित निर्णयापर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजावे. तीन-चार पायऱ्यांपेक्षा अधिक लागत असतील तर एका बैठकीत ते होणार नाही. आजच्या बैठकीचे उद्दिष्ट लहान करावे. प्रत्येक पायरीला एकच पुरावा, पण श्रोत्याला स्वतः तपासता येईल असा. स्लाइड या सगळ्यानंतर.

वेळेचा हिशोबही याच आखणीचा भाग. वीस मिनिटे मिळाली असतील तर बारा-तेरा मिनिटांचे बोलणे तयार करावे आणि उरलेली प्रश्नांसाठी ठेवावी, कारण पटण्याचे खरे काम पुष्कळदा प्रश्नोत्तरांतच होते. तालीम मोठ्याने, उभे राहून आणि विषय न जाणणाऱ्या एखाद्या माणसापुढे करावी. तो जिथे अडखळतो तिथे आपली पायरी सुटलेली असते. इंग्रजीत बोलायचे असले तरी युक्तिवादाचा सांगाडा मराठीत लिहून पाहावा, अशी माझी मराठी वाचकांना आग्रहाची सूचना आहे. आपल्या भाषेत विचार लपत नाही; पोकळ शब्द लगेच उघडे पडतात.

या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ काम पडले आहे. अनेकभाषी भारतीय श्रोते कसे ऐकतात, मधेच भाषा बदलली तर त्यांचे लक्ष वाढते की तुटते, कीर्तनाच्या रचनेतून आजच्या वर्गाला आणि कार्यालयाला काय घेता येईल, न्यायशास्त्राचा परार्थानुमानाचा विचार प्रयोगांनी कसा तपासता येईल, हे प्रश्न अभ्यासकांची वाट पाहत आहेत. त्यांच्याकडे वळायला मोठी साधने लागत नाहीत. रामन यांचे भाषण, जयरामाचा चंपू, एखाद्या चांगल्या कीर्तनकाराची बैठक आणि आपल्या कचेरीतली पुढची सभा, एवढी सामग्री सुरुवातीला पुरते. अभियंता, शिक्षिका, शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता, विद्यार्थी, कोणीही असा. आपल्याला जे खरे वाटते ते दुसऱ्यापर्यंत प्रामाणिकपणे पोहोचावे अशी तळमळ असेल तर हे क्षेत्र तुमचे आहे. पुढच्या वेळी लॅपटॉप उघडण्याआधी समोर बसणाऱ्या एका माणसाचे नाव आणि त्याची एक शंका कागदावर लिहा. आखणी तिथूनच सुरू होते.